चोवीस तास चालू असलेल्या ओलेडवर अक्षरं का उमटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारा कंट्रोलर तुम्ही बनवलात. त्यावर ०.९६ इंची पांढरा ओलेड (पिक्सेल स्वतःच प्रकाश देतात असा पडदा) आहे, १२८ बाय ६४ पिक्सेलचा, एसएसडी १३०६ ड्रायव्हरवाला (ड्रायव्हर म्हणजे पिक्सेल पेटवणारी चिप), आणि स्क्रीन दिवसरात्र चालू असते. आठ महिन्यांत ‘टेम्प’ आणि ‘आरएच’ (सापेक्ष आर्द्रता) ही लेबलं पडद्यावर कायमची उमटली. मेनू उघडला की त्याच्या ओळींमधून जुन्या लेबलांचे फिकट ठसे दिसतात. डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) आयुष्य १०,००० तास लिहिलंय आणि आठ महिन्यांचे तर ६,००० सुद्धा भरत नाहीत. तर माल डुप्लिकेट आला का, आणि पाच वर्षं न थांबता चालेल असा ओलेड कोणता?

डुप्लिकेट असेलही, पण तुम्ही सांगताय ते घडायला डुप्लिकेट मालाची गरज नाही. चांगल्या कंपनीचा पॅनेलही या वापरात जवळपास असाच वागला असता. ‘कोणता ओलेड टिकेल’ असं विचारण्यापेक्षा ‘माझ्या मांडणीत सगळ्यात जास्त पेटणारा पिक्सेल किती तास पेटतो’ असं विचारलंत तर पुढचे निर्णय सोपे होतील. ओलेडमध्ये स्क्रीन म्हातारी होत नाही, पिक्सेल होतो. प्रत्येकाचं वय वेगळं वाढतं, आणि ते तुमचं फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्राम) ठरवतं.

आधी बिघाड नेमका कोणता हे पक्कं करून घ्या, कारण ओलेडवरच्या प्रत्येक डागाला लोक बर्न-इन, म्हणजे सतत पेटून उमटलेला कायमचा ठसा, म्हणतात. अंधाऱ्या खोलीत ड्रायव्हरला सगळे पिक्सेल पेटवायची कमांड द्या (एसएसडी १३०६ मध्ये रॅममधलं चित्र बाजूला ठेवून पूर्ण स्क्रीन पेटवायची स्वतंत्र कमांड आहे) आणि मोबाइलचं एक्सपोजर लॉक करून फोटो काढा. उजळ पार्श्वभूमीवर तुमच्याच लेआउटचा अंधुक ठसा दिसला तर ते बर्न-इन. गोल काळे ठिपके दिसले, किंवा कडेकडून काळेपणा आत सरकत असेल, तर सील फुटून बाष्प आत शिरलंय. कोकणात किंवा ओलसर शेडमध्ये हे जास्त दिसतं आणि त्याचा लेआउटशी काही संबंध नसतो. आख्खी ओळ किंवा आख्खा कॉलम गायब असेल तर काचेवर चिकटवलेल्या फ्लेक्सचा (तारांच्या लवचिक पट्टीचा) जोड गेलाय. चौथा प्रकार फसवा आहे. ज्या ओळीत जास्त पिक्सेल पेटलेले असतात ती ओळ शेजारच्या ओळींपेक्षा मंद दिसते, आणि मजकूर बदलला की मंदपणाही जागा बदलतो. तो ड्रायव्हरवरच्या लोडचा परिणाम आहे, झीज नव्हे. उलट्या रंगाची हेडर-पट्टी काढणाऱ्यांना हा हमखास दिसतो आणि ते मॉड्यूल परत पाठवून मोकळे होतात. तुमच्या वर्णनावरून तुमचं पहिल्या प्रकारात मोडतं, तेव्हा पुढचं सगळं ते धरून लिहितोय.

आता ते १०,००० तास. डेटाशीटमध्ये त्या आकड्याखाली बारीक अक्षरात एक टीप असते, ती वाचा. तापमान २५ अंश, पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखा निम्मा पेटलेला पॅटर्न, ठरावीक ब्राइटनेस, आणि आयुष्याचा शेवट म्हणजे ब्राइटनेस मूळच्या ५० टक्क्यांवर येणं. बहुतेक वेळा हा आकडाही जास्त तापमानावर घाईने केलेल्या चाचणीवरून काढलेला अंदाज असतो. म्हणजे १०,००० तास ‘चांगला चालेल’ असं कुणी म्हटलेलंच नाही. १०,००० तासांनी तो निम्मा झालेला असेल, एवढंच म्हटलंय. ती गॅरंटीही नाही.

आणि तुमचा ग्राहक ५० टक्क्यांची वाट पाहत नाही. आख्खी स्क्रीन सावकाश निम्मी झाली तर माणसाच्या लक्षातही येत नाही, डोळा जुळवून घेतो. पण एकमेकांना चिकटलेल्या दोन भागांत चार-पाच टक्क्यांचा फरक पडला की धारदार कडा लगेच दिसते. म्हणून आपल्या कामाचा आकडा निम्म्याचा नाही, पाच टक्क्यांचा आहे. ओलेडची उतरण सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीला वेगाने पडते आणि मग मंदावते. ‘स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल’ नावाचं जे सूत्र त्यासाठी वापरतात, त्यात घातांक ०.७ धरला आणि निम्म्यावर यायला १०,००० तास धरले, तर पहिले पाच टक्के सुमारे २४० तासांत जातात. घातांक १ धरला, म्हणजे साधी घातांकी उतरण, तर ७४० तासांत. म्हणजे दहा दिवस ते महिनाभर. तुमची लेबलं आठ महिने, साधारण ५,८०० तास पेटली. याच हिशोबाने ती आज मूळच्या ६२ ते ६७ टक्क्यांवर असायला हवीत, आणि बाजूचे काळे पिक्सेल जवळपास कोरे. तुमचा प्रत्यक्ष ब्राइटनेस डेटाशीटपेक्षा वेगळा असेल तर आकडे हलतील, पण अंदाज पुरेसा आहे. ठसा आठव्या महिन्यात ‘आला’ नाही, दुसऱ्या महिन्यापासून होता. कुणी मेनू उघडला नव्हता इतकंच.

असं का होतं? ओलेडचा पिक्सेल म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले सेंद्रिय पदार्थांचे अतिपातळ थर. करंट गेला की त्या रेणूंमधून प्रकाश निघतो, आणि त्यातच काही रेणू तुटतात. तुटलेले रेणू प्रकाश देत नाहीत, वर इतरांची ऊर्जा गिळतात. ही झीज त्या पिक्सेलमधून आजवर किती करंट वाहिला यावर अवलंबून असते, आणि करंट दुप्पट केला तर झीज दुपटीहून जास्त होते. ‘दोन तास बंद ठेवलं की बरा होतो’ हे यासाठी खोटं आहे. मोठ्या पॅनेलमध्ये ट्रान्झिस्टरच्या तात्पुरत्या बदलामुळे प्रतिमा थोडा वेळ रेंगाळते आणि मग जाते. ते वेगळं.

कोडॅकमध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी पहिला व्यवहार्य ओलेड १९८७ मध्ये मांडला. तेव्हापासून आजतागायत सगळ्यांना छळणारा रंग निळाच आहे. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, ती रेणूंचे बंध तोडायच्या जवळपास पोचते, म्हणून निळा सगळ्यात आधी जातो. छोट्या मॉड्यूलमधला पांढरा बहुधा निळा आणि पिवळा थर मिळून केलेला असतो. म्हणून जुना ठसा नुसता मंद दिसत नाही, किंचित पिवळटही दिसतो. पिवळ्या आणि हिरव्या मॉड्यूलना डेटाशीटमध्ये सहसा पांढऱ्या-निळ्यापेक्षा जास्त तास दिलेले असतात. रंगाचा हट्ट नसेल तर हा फुकटचा फायदा आहे.

तुमच्या ०.९६ इंची पडद्याची आणखी एक अडचण. मोबाइलच्या ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे स्वतःचे ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे तो फ्रेमचा बहुतेक वेळ सौम्यपणे पेटलेला राहतो. तुमचा पॅनेल पॅसिव्ह मॅट्रिक्स आहे. ६४ ओळी एकामागून एक पेटतात, प्रत्येकीच्या वाट्याला वेळेचा ६४ वा भाग येतो. सरासरी १०० कँडेला प्रति चौरस मीटर (ब्राइटनेसचं एकक) दिसायला हवं असेल, तर आपल्या पाळीत त्या पिक्सेलला ६,४०० कँडेलाने पेटावं लागतं. करंट दुप्पट झाला की झीज दुपटीहून जास्त होते हे वर म्हटलंच आहे, तेव्हा हे किती महागात पडतं ते बघा. शिवाय टीव्ही-मोबाइलवाले प्रत्येक पिक्सेलची झीज मोजून किंवा अंदाजून भरपाई करतात, स्टेटस बारची चिन्हं हळूच हलवतात. ॲपलने २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये तर एकावर एक दोन ओलेड थर घातले, म्हणजे प्रत्येकावरचा ताण कमी. आपल्या मॉड्यूलमध्ये यातलं काहीही नाही. जे करायचं ते आपल्या कोडमध्ये.

तुमचा लेआउट मी असा डोळ्यासमोर आणतो. द्राक्षं उणे एक ते शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. म्हणजे तापमान बहुतेक वेळ ‘-०.४’, ‘-०.६’ असं काहीतरी, आणि आर्द्रता ‘९२’, ‘९३’. तुम्ही फक्त लेबलांची तक्रार केलीत, पण उणे चिन्ह, ‘०’, दशांश टिंब आणि आर्द्रतेतला ‘९’ हेही लेबलंच आहेत! ते महिनोन्‌महिने हलत नाहीत. बदलतो तो फक्त शेवटचा आकडा. ‘आकडे बदलत राहतात, तिथे बर्न-इन होणार नाही’ हे गृहीत नियंत्रणात असलेल्या यंत्राला लागू पडत नाही, कारण कंट्रोलर जितका चांगला तितका डिस्प्ले स्थिर. प्रत्येक जागा वर्षभरात किती वेळ पेटेल हे खऱ्या रीडिंगच्या लॉगवरून एकदा काढून बघा, आश्चर्य वाटेल.

आता उपाय. माझं मत आधीच सांगतो: चोवीस तास, पाच वर्षं, तेच दोन आकडे, हे ओलेडचं काम नाही. दोन आकडे दाखवायला लाल सेव्हन सेगमेंट एलईडी लावा. बाजारातले बहुतेक तापमान कंट्रोलर अजून तेच वापरतात, आणि ते काही डिझायनर मागासलेले आहेत म्हणून नाही. लांबून वाचता येतं, वर्षानुवर्षं चालतं. मेनू आणि ग्राफ हवाच असेल तर १२८ बाय ६४ चा एलसीडी घ्या. लोक म्हणतात एलसीडीचा बॅकलाइटही मंदावतो. मंदावतो ना, पण सगळीकडे सारखा, म्हणून कुणाला दिसत नाही. ट्रान्सफ्लेक्टिव्ह (बाहेरचा उजेड परतवून दिसणारा) घेतलात तर दिवसा बॅकलाइट बंद ठेवूनही वाचता येतो. एक अट मात्र पाळा: डिस्प्ले थंड खोलीच्या आत बसणार असेल तर शून्य ते ५० अंशवाला साधा एलसीडी नको, तिथे त्याचं द्रव सुस्तावतं आणि आकडे रेंगाळतात. उणे २० पर्यंत चालणारा घ्या. इथे ओलेड खरोखर सरस आहे, थंडीत तो अजिबात अडखळत नाही. तुमचा पॅनेल आत आहे की बाहेर कंप्रेसरजवळ, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने निर्णय बदलू शकतो. बाहेर असेल तर उष्णता उलट्या बाजूने मारते. दर १० अंशांमागे आयुष्य निम्मं होतं असा एक ढोबळ ठोकताळा आहे; पॅनेलनुसार कमी-जास्त होतो, पण मे महिन्यात बंद पत्र्याच्या बॉक्समध्ये डेटाशीटमधले २५ अंश नसतात हे नक्की.

ओलेडच ठेवायचा असेल तर सगळ्यात मोठा फायदा स्क्रीन बंद करण्यात आहे, बाकी सगळं त्यानंतर. ऑपरेटर दिवसातून समजा ४० वेळा बघतो, दर वेळी अर्धा मिनिट. म्हणजे दिवसाला २० मिनिटं, वर्षाला सुमारे १२२ तास. चोवीस तास चालू ठेवलं तर वर्षाचे ८,७६० होतात. दोन्हींत ७२ पटींचा फरक आहे! या हिशोबाने पाच वर्षांत स्क्रीन जेमतेम ६०० तास चालेल. ड्रायव्हरला डिस्प्ले-ऑफ कमांड दिली की तो झोपतो, रॅममधलं चित्र तसंच राहतं, कंट्रोलर त्यात लिहीत राहू शकतो; ऑन केलं की ताजं रीडिंग क्षणात समोर. काळं चित्र काढून ठेवण्यापेक्षा ही कमांड बरी, वीजही वाचते.

‘पण ग्राहकाला वाटतं यंत्र बंद पडलंय’ ही तक्रार येणारच. त्यावर बाजूला एक साधी हिरवी एलईडी, दोन सेकंदांनी लुकलुकणारी, आणि बिघाडाला लाल. जागं करायला बटण, दाराचा स्विच आणि अलार्म. हात न लावता जागं व्हावं अशी मागणी असेल तर पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) बॉक्सच्या आत, काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या मागे लावू नका. शरीराची उष्णता त्यातून पलीकडे जात नाही आणि सेन्सर आंधळा होतो. प्लॅस्टिकच्या झाकणामागे मायक्रोवेव्ह मोशन सेन्सर चालतो, पण पत्र्यामागे तोही नाही.

बंद करणं शक्यच नसेल तर ब्राइटनेस खाली आणा. ब्राइटनेस निम्मा केला की आयुष्य साधारण तीन ते चार पट होतं, आणि घरातल्या उजेडात निम्म्या ब्राइटनेसला कुणी नाव ठेवत नाही. अनेक लायब्ररी सुरुवातीलाच कॉन्ट्रास्ट बराच वर ठेवतात, तो आकडा तपासा. मात्र कॉन्ट्रास्ट रजिस्टर (ड्रायव्हरमधली ब्राइटनेसची सेटिंग) २०० वरून १०० केलं म्हणजे प्रकाश निम्मा झाला असं धरू नका, प्री-चार्जमुळेही (पाळी सुरू होताना पिक्सेलला आधी दिलेल्या चार्जमुळे) पिक्सेल थोडा पेटतो. लक्समीटर किंवा एखादा फोटोडायोड पडद्याला टेकवून मोजा. रात्री आणखी कमी करा.

मग लेआउट हलवणं. पिक्सेल-शिफ्टच्या नावाखाली बहुतेक जण दर मिनिटाला एक पिक्सेल इकडे, एक तिकडे करतात. बारीक अक्षरांना ते ठीक आहे. तुमच्या मोठ्या आकड्यांची रेघ चार पिक्सेल जाड असेल तर एका पिक्सेलने हलवून फक्त कडा पुसट होते, रेघेच्या मधला भाग आधीसारखाच कायम पेटलेला राहतो. हलवायचं तर रेघेच्या जाडीपेक्षा जास्त. उभ्या दिशेला ड्रायव्हरची स्टार्ट-लाइन (चित्र कोणत्या ओळीपासून सुरू करायचं ती सेटिंग) बदलून हे जवळपास फुकट होतं, पण ते चित्र वरून गेलं की खालून येतं, तेव्हा तिथे काही कापलं जात नाही ना बघा. खरा फायदा दोन-तीन वेगळे लेआउट आलटून पालटून दाखवण्यात आहे: तापमान कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी एकटंच पूर्ण पानावर. चौकटी, अधोरेखा, भरलेली हेडर-पट्टी काढून टाका. ‘टेम्प’ लिहायची गरजच काय, पुढे अंशाचं चिन्ह आहे की.

यातून किती मिळतं? समजा तुमच्या मजकुरात कोणत्याही क्षणी १५ टक्के पिक्सेल पेटलेले असतात. ते ओझं सगळ्या पडद्यावर अगदी समान वाटलं, तर प्रत्येक पिक्सेल १५ टक्के वेळच पेटेल, आणि १०,००० तास भरायला साडेसात वर्षं लागतील, तेही एकसारखं मंदावत. प्रत्यक्षात इतकं समान कधी होत नाही, पण दिशा बरोबर आहे. याउलट अनेक ठिकाणी सुचवतात तसं अर्धा वेळ उलटं चित्र दाखवलंत, तर प्रत्येक पिक्सेल ५० टक्के वेळ पेटतो. ठसा उमटत नाही हे खरं, पण आख्खा पडदा सव्वादोन वर्षांत निम्मा. तुरळक मजकुरासाठी हा सल्ला मला कधीच पटला नाही.

नवीन डिझाइनमध्ये एक गोष्ट जरूर घाला: स्क्रीन किती तास चालली याचा काउंटर. तासाला एकदा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायचं. १,००,००० वेळा लिहिता येणाऱ्या ईईप्रॉमला तेही ११ वर्षं पुरतं. तक्रार आली की आकडा वाचता येतो, वाद होत नाही. आणि पुढचा लॉट घेण्याआधी त्यातली तीन-चार मॉड्यूल पूर्ण ब्राइटनेसला, अर्धी बाजू पेटलेली आणि अर्धी काळी, अशी महिनाभर चालवा. दर आठवड्याला सगळे पिक्सेल पेटवून त्याच एक्सपोजरला फोटो काढा. डेटाशीट नसलेल्या स्वस्त मॉड्यूलबद्दल खात्रीशीर माहिती मिळवायचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आता विकून झालेल्या युनिटचं. उमटलेलं परत जाणार नाही. ‘उलटं चित्र रात्रभर चालवा, जुळून येतं’ असं कुणी सांगेल. ५,८०० तासांची झीज जुळवायला उरलेला पडदाही जवळपास तेवढाच झिजवावा लागेल, एका रात्रीचं ते काम नाही. फर्मवेअर अपडेट देता येत असेल तर मिनिटभराने स्क्रीन बंद, कॉन्ट्रास्ट खाली, आणि लेबलं ज्या पट्टीत होती ती पट्टी रोजच्या पानावर रिकामी ठेवा. तिथे फक्त अलार्मचा मजकूर येऊ द्या. नवे आकडे आजवर काळ्या राहिलेल्या जागेत टाका. बऱ्याच ग्राहकांना त्यानंतर ठसा दिसणारही नाही.

जे तरीही बदलून मागतील त्यांना मॉड्यूल बदलून द्या, पण नवं मॉड्यूल सॉकेटमध्ये घालण्याआधी पिनांचा क्रम बघा. सारख्याच दिसणाऱ्या चार पिनांच्या मॉड्यूलमध्ये काहींवर ग्राउंड आधी असतो, काहींवर व्हीसीसी (पुरवठ्याची पॉझिटिव्ह पिन), आणि उलटं बसलं की ते जागीच जातं. आणि १.३ इंची लावायचा मोह झाला तर त्यावर बहुधा एसएच ११०६ हा वेगळा ड्रायव्हर असतो. त्याची रॅम १३२ कॉलमची आहे, त्यामुळे तुमच्या कोडमधलं चित्र दोन पिक्सेल सरकलेलं दिसेल. कॉलम ऑफसेट दोनने वाढवा. शिवाय एकदम पूर्ण फ्रेम ढकलणारी तुमची लिहायची पद्धत त्याला चालणार नाही, पान-पान (आठ-आठ ओळींची पट्टी) करून लिहावं लागेल.